पीटीचा तास हाती घेण्याआधी

शाळेत असताना कबड्डी, खो-खो किंवा अ‍ॅथलेटिक्स गाजवलेली मुलं-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचली की जुन्या शाळेत येऊन विचारतात, "सर, मला पीटीचा शिक्षक व्हायचंय. काय करावं लागेल?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर कागदोपत्री आहे: कोणती पदवी, किती टक्के, कोणती परीक्षा. ते थोड्या चौकशीनं मिळतं. उरलेलं अर्धं उत्तर मात्र फार थोडे जण सांगतात. शाळेच्या संघात दहा-बारा खेळाडू असतात आणि वर्गात साठ मुलं. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची नेमणूक त्या साठांसाठी असते. स्वतः उत्तम खेळणं आणि साठ जणांना खेळतं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाची तयारी पहिल्या दिवसापासून केली, तर पुढची प्रत्येक पायरी नीट चढता येते. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

शिकवण्याचा अधिकार कुठून मिळतो?

वकिलाला सनद मिळते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक मिळतो. शाळेतल्या शिक्षकाला असा वेगळा परवाना आपल्याकडे दिला जात नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेली व्यावसायिक पदवी किंवा पदविका, आणि ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा तिच्या भरतीची परीक्षा, या दोन्ही मिळून तुमचा शिकवण्याचा अधिकार ठरतो. मान्यता देण्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं, म्हणजे एनसीटीईचं आहे. १९९३ च्या कायद्यानं स्थापन झालेली ही परिषद कोणता अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, प्रवेशाला काय पात्रता असावी आणि संस्थेकडे कोणत्या सोयी हव्यात, हे ठरवते.

शारीरिक शिक्षणात तीन मुख्य पायऱ्या आहेत. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी.पी.एड. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांची बी.पी.एड. आणि त्यापुढे दोन वर्षांची एम.पी.एड. पूर्वी महाराष्ट्रात बी.पी.एड. एका वर्षात होत असे. २०१४ च्या नियमांनंतर ती दोन वर्षांची, चार सत्रांची झाली. माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीला शिकवायचं असेल, तर बी.पी.एड. ही तुमची मुख्य पदवी.

इथे एका गोंधळापासून सावध राहा. बारावीनंतर बी.पी.ई. किंवा बी.पी.ई.एस. अशा नावांच्या तीन वर्षांच्या पदव्याही आहेत. विषयाचा पाया पक्का करायला त्या चांगल्या. पण माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून लागायचं असेल, तर त्यापुढे बी.पी.एड. करणं हाच सरळ रस्ता. तसंच पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका, जिला सगळे 'एन.आय.एस.' म्हणतात, ती तुम्हाला एका खेळाचे प्रशिक्षक बनवते. शाळेतल्या शिक्षकाच्या पदासाठी ती बी.पी.एड.ची जागा घेत नाही. दोन्ही असतील तर उत्तमच.

बी.पी.एड.ची पात्रता: टक्के आणि प्रमाणपत्रं

एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत प्रवेशाचे अनेक मार्ग दिलेले आहेत. सर्वसाधारण मार्ग असा: कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण, आणि त्यासोबत शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत किमान सहभाग. शारीरिक शिक्षणाचीच पदवी असेल, पदवीला शारीरिक शिक्षण हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय असेल, किंवा राज्य, राष्ट्रीय वा आंतरविद्यापीठ पातळीवर खेळला असाल, तर गुणांची अट ४५ टक्क्यांवर येते. राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्या आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. आरक्षित प्रवर्गांना नियमांनुसार सवलत मिळते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की तुमची जुनी प्रमाणपत्रं आजपासूनच जपायला लागा. नववीत जिल्हास्तरावर खेळलेल्या सामन्याचं प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी पडलेलं असतं आणि प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात त्याचा शोध सुरू होतो. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळतं का, स्पर्धेचं वर्ष, वयोगट आणि आयोजकांचा शिक्का स्पष्ट आहे का, हे पाहून घ्या. चूक असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात वेळीच जा. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि एकही स्पर्धा खेळला नसाल, तर अजून वेळ गेलेली नाही. महाविद्यालयाच्या संघात उतरा. क्रॉसकंट्रीसारख्या प्रकारात नियमित सराव करणाऱ्याला संधी मिळतेच.

सीईटी आणि फील्ड टेस्ट

महाराष्ट्रात बी.पी.एड. आणि एम.पी.एड.चे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीमधून होतात. या सीईटीचे दोन भाग असतात. एक संगणकावर द्यायची लेखी परीक्षा आणि दुसरी मैदानावरची फील्ड टेस्ट. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. चाचणीचे प्रकार, गुणांची विभागणी आणि तारखा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबल्यामुळे चांगल्या खेळाडूंचं अख्खं वर्ष वाया जातं.

फील्ड टेस्टची तयारी किमान तीन-चार महिने आधी सुरू करा. वेग, दम, पायांची झेप आणि फेकीची ताकद या चारही अंगांकडे लक्ष द्यायला हवं. कबड्डीपटूचे पाय मजबूत असतात, पण सलग धावताना तो दमतो. लांब पल्ल्याच्या धावपटूला दम असतो, पण झेप कमी पडते. म्हणून आपलं कच्चं अंग ओळखा आणि आठवड्यातले दोन दिवस त्यालाच द्या. सरावाचा भार हळूहळू वाढवा. एक दिवस विश्रांतीचा ठेवा. ज्या पृष्ठभागावर चाचणी असते, तशाच मातीवर किंवा पट्टीवर पळून पाहा. चाचणीच्या आदल्या दिवशी नवे बूट पायात घालू नका.

लेखी परीक्षेला कमी लेखू नका. सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, खेळांचे नियम आणि शारीरिक शिक्षणाची मूलभूत माहिती यांचा रोज तासभर अभ्यास पुरतो, पण तो रोज व्हायला हवा.

महाविद्यालय निवडताना

शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षणाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. देशातलं या विषयाचं पहिलं महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएत सुरू केलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे आणि त्याच्या महाविद्यालयातून शिकलेले शिक्षक विदर्भभर भेटतात. मुंबई सरकारनं १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ पासून शिक्षक घडवत आहे. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल, तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. ती १९५७ मध्ये सुरू झाली आणि आज अभिमत विद्यापीठ आहे.

नाव मोठं असो वा लहान, प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहा. एनसीटीईची मान्यता या अभ्यासक्रमासाठी आणि या वर्षासाठी आहे का? विद्यापीठाची संलग्नता आहे का? धावपट्टी, जिम्नॅस्टिक्सचं साहित्य आणि पोहण्याची सोय चालू स्थितीत आहे का? सकाळी सहा-साडेसहाला मैदानावर मुलं आणि प्राध्यापक दोघंही दिसतात का? सराव पाठांसाठी जवळपासच्या किती शाळा महाविद्यालयाशी जोडलेल्या आहेत? शेवटचा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण शिक्षक म्हणून तुमची घडण त्यावरच अवलंबून असते.

'हजेरीची चिंता नको, घरबसल्या बी.पी.एड. करून देतो' असं सांगणारे दलाल दरवर्षी भेटतात. बी.पी.एड. हा नियमित, मैदानावर उभं राहून करायचा अभ्यासक्रम आहे आणि एनसीटीईच्या नियमांत त्याला दूरस्थ पद्धतीची सोय नाही. अशी पदवी कागदपत्रांच्या पडताळणीत अडकते आणि तोवर पैसे आणि वय दोन्ही निघून गेलेलं असतं. त्याहून मोठं नुकसान पुढे शाळेत होतं. मोडलेला हात कसा आधारायचा हे कधीच न शिकलेल्या माणसाच्या हाती मुलं सोपवली जातात.

दोन वर्षांत काय कमवायचं

बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, आरोग्यशिक्षण, योग, क्रीडा मानसशास्त्र, क्रीडा प्रशिक्षण, मापन आणि मूल्यमापन, संघटन आणि प्रशासन असे विषय असतात. मैदानावर अ‍ॅथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स, सांघिक खेळ, योगासनं यांच्यासोबत मल्लखांब, लेझीम, डंबेल्स, संचलन हेही असतं. अनेक खेळाडू विद्यार्थी लेखी विषय कसेबसे काढतात आणि आपल्या खेळातच रमतात. तसं करू नका. ज्या खेळात तुम्ही कच्चे आहात, तोच आधी शिकायला घ्या. तुमच्या भावी शाळेत कदाचित क्रिकेटचं मैदानच नसेल. तिथे फक्त खो-खोचं मैदान आणि लेझमाचे पन्नास जोड असतील. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, हे पुस्तकात वाचून कळतं. पाठलागात खांबाकडे झेपावताना कुठलं पाऊल टाकायचं, हे स्वतः धुळीत पडल्याशिवाय शिकवता येत नाही.

मैदान आखणी नीट शिका. नव्या शिक्षकाची पहिली परीक्षा बहुतेक वेळा हीच असते. वार्षिक क्रीडा महोत्सव आठवड्यावर आलेला असतो आणि मुख्याध्यापक विचारतात, "सर, दोनशे मीटरचा ट्रॅक बसेल का आपल्याकडे?" उत्तर गणितात आहे. दोन सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटरच्या घेतल्या, तर दोन वळणांना प्रत्येकी ६० मीटर उरतात. ६० ला ३.१४१६ ने भागलं की धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर येते. फक्कीनं आखलेल्या ट्रॅकला कडेचा कठडा नसतो, म्हणून आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून अंतर मोजतात. त्यामुळे दोरी धरायची त्रिज्या १८.९० मीटर. १.२२ मीटर रुंदीच्या चार लेन केल्या, तर सुमारे ८८ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद जागा लागते. २०० मीटरच्या पूर्ण फेरीच्या शर्यतीत पुढच्या प्रत्येक लेनला ७.६७ मीटरची आघाडी द्यावी लागते. ही बेरीज-वजाबाकी वहीत करून, मग दोरी, खुंटी आणि फक्की घेऊन स्वतः एकदा मैदानावर उतरवा. ज्याला हे येतं, त्याच्याकडे शाळेतले बाकीचे शिक्षक पहिल्याच महिन्यात आदरानं पाहू लागतात, कारण गणिताच्या तासाला शिकलेलं वर्तुळ त्यानं मुलांना पायाखाली दाखवलेलं असतं.

पंचगिरीही याच दोन वर्षांत शिका. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांच्या संघटनांच्या पंच परीक्षा असतात. गुणपत्रक भरणं, वेळ नोंदवणं, वाद मिटवणं यांची सवय झाली की पुढे तालुका स्पर्धांचं आयोजन अंगावर येतं तेव्हा घाबरायला होत नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली निघालेले 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड असतील, तर ते नक्की चाळा. देशी खेळ, मल्लखांब, कुस्ती यांच्याविषयी मराठीत इतकं तपशिलवार काम दुसरं सापडणं कठीण.

साठ मुलं, पस्तीस मिनिटं

सराव पाठ हा या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. छात्राध्यापक पाठ टाचण लिहून आणतात: सावधान-विश्राम, पूरक व्यायाम, कौशल्याचं प्रात्यक्षिक, सराव, खेळ, विसर्जन. कागदावर सगळं बरोबर असतं. मैदानावर मात्र एक लांबलचक रांग लागते, पुढचा मुलगा चेंडू फेकतो आणि मागचे एकोणसाठ उन्हात उभे राहतात.

याचा साधा हिशेब करून पाहा. ३५ मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटं मैदानावर येण्यात, हजेरीत आणि परत जाण्यात गेली, तर २५ मिनिटं, म्हणजे १,५०० सेकंद उरतात. एका मुलाला १० सेकंद लागतात असं धरलं, तर ६० मुलांच्या एका रांगेत प्रत्येकाची पाळी अडीच वेळाही नीट येत नाही. त्याच मुलांचे दहा-दहाचे सहा गट केले, तर प्रत्येकाला पंधरा वेळा संधी मिळते. मुलं तीच, वेळही तोच. फरक फक्त शिक्षकाच्या नियोजनाचा. सहा चेंडू नसतील तर चिंध्यांचे चेंडू करा, जुने टायर, दोरखंड, विटा, फक्कीची वर्तुळं वापरा. एका गटात फेक, दुसऱ्यात झेल, तिसऱ्यात उडी, असे थांबे लावा आणि शिट्टीसरशी गट पुढच्या थांब्यावर हलवा.

रांगेत उभं राहण्यात सर्वात जास्त वेळ कोणाचा जातो, हेही पाहा. चपळ मुलं पुढे घुसतात. लठ्ठ, अशक्त, लाजरी, चष्मा फुटेल म्हणून घाबरणारी मुलं हळूहळू मागे सरकतात आणि तास संपतो. ही मुलं पुढे आयुष्यभर 'मला खेळ येत नाही' असं म्हणत मैदानापासून लांब राहतात. तुमच्या तासाचं यश मोजायचं असेल तर याच मुलांकडे पाहून मोजा. प्रत्येक सराव पाठानंतर टाचणाच्या खाली एक ओळ लिहायची सवय लावा: आज सर्वात कमी कोण हललं, आणि पुढच्या पाठात त्याच्यासाठी काय बदलायचं.

मुलींसाठी थोडा वेगळा विचार करावा लागतो. सातवी-आठवीपासून मुली मैदान सोडायला लागतात. गणवेशाची अडचण, पाळीचे दिवस, पाहणाऱ्यांच्या नजरा, ही कारणं त्या सांगत नाहीत. 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतात. त्यांना टोचून विचारू नका. ट्रॅक पँटची परवानगी मिळवा, शिक्षिकेची मदत घ्या, दमलेल्या दिवशी गुण नोंदवण्याचं किंवा पंचगिरीचं काम द्या, आणि पुढच्या तासाला त्यांना पुन्हा खेळात आणा. अपंग मुलांनाही 'तू बस' असं सांगून बाजूला ठेवू नका. नियम थोडा बदलला, अंतर कमी केलं, जोडीदार दिला, की बहुतेक खेळांत त्यांना जागा करता येते.

मुलांची शारीरिक क्षमता मोजण्यासाठी खेलो इंडियाच्या चाचण्या शाळांतून घेतल्या जातात. लहान मुलांसाठी तोल आणि हातांच्या हालचालीच्या चाचण्या, मोठ्यांसाठी ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, लवचिकता, पोटाचे व्यायाम इत्यादी. हे आकडे मुलाची दुसऱ्याशी तुलना करायला वापरू नका. जूनमध्ये आणि जानेवारीत त्याच मुलाचे आकडे शेजारी ठेवा. आपण पुढे सरकलो हे मुलाला स्वतःच्या आकड्यात दिसलं, की ते पुन्हा मैदानावर येतं.

सुरक्षितता आणि कायदा

शाळेत मुलाच्या शरीराची जबाबदारी सर्वात थेट ज्याच्यावर येते, तो शारीरिक शिक्षण शिक्षक. म्हणून काही गोष्टी नोकरी मिळण्याआधीच अंगवळणी पडायला हव्यात.

पहिली गोष्ट प्रथमोपचार. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम करून घ्या. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, तीस दाबांनंतर दोन श्वास, हे वाचून लक्षात राहत नाही. पुतळ्यावर सराव करावा लागतो. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळायला पाठवू नका, ते कितीही हट्ट करो. दुपारच्या उन्हात लांब धावण्याच्या चाचण्या घेऊ नका, पाणी पिण्यासाठी थांबे ठेवा. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून दमा, फिट, हृदयाचा त्रास, अ‍ॅलर्जी यांची माहिती लेखी घ्या.

दुसरी गोष्ट शिक्षेची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. उठाबशा, कोंबडा, मैदानाला फेऱ्या हे प्रकार पीटीच्या तासाला सवयीनं होत आले आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी यात आपल्या विषयाचं मोठं नुकसान आहे. ज्या मुलाला धावणं शिक्षा म्हणून मिळालं, त्याला पुढे सकाळी उठून पळावंसं कसं वाटेल? ज्या गोष्टीची गोडी लावायची, तिचीच शिक्षा करू नका.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. जिम्नॅस्टिक्स शिकवताना आधार द्यावा लागतो, स्नायू ताणून दाखवावे लागतात. आधार देण्यापूर्वी मुलाला सांगा, सगळ्यांसमोर द्या आणि गरजेपुरताच द्या. स्पर्धेला गावोगाव जाताना मुलींच्या संघासोबत शिक्षिका हवीच. मुलानं काही विश्वासानं सांगितलं आणि त्यात लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून ते दडपलं, तर तो गुन्हा ठरतो.

नोकरीचे रस्ते

आता भरतीचं. अनुदानित आणि शासकीय शाळांतली शिक्षक भरती 'पवित्र' पोर्टलवरून होते. त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. ही २०० गुणांची, दोन तासांची परीक्षा असते. त्यात अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८० प्रश्न. दोन तासांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. म्हणून घड्याळ लावून सराव करणाऱ्याचाच इथे निभाव लागतो. परीक्षेनंतर पोर्टलवर स्वतःची माहिती प्रमाणित करून प्राधान्यक्रम भरायचे असतात. खासगी संस्था मुलाखतीसह भरतीचा पर्याय निवडू शकतात. जाहिरातीतला पात्रतेचा आणि आरक्षणाचा रकाना शब्दशः वाचा. पहिली ते आठवीच्या पदांसाठी असलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेची, म्हणजे टीईटीची, अट तिथे तुमच्या पदाला लावली आहे का, हेही त्याच रकान्यात कळतं.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काम करावं लागतं. जानेवारी २०२३ पासून माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन दरमहा १८,००० रुपये झालं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. तीन वर्षांचं नियोजन त्यावर करावं लागतं.

खरी परिस्थिती लपवण्यात अर्थ नाही. शाळेत किती शिक्षक असावेत हे संच मान्यतेत विद्यार्थीसंख्येवर ठरतं आणि शारीरिक शिक्षणाची पूर्णवेळ पदं अनेक शाळांत रिकामी आहेत किंवा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडे दिलेली आहेत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुलं असलेल्या शाळेला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे, पण अंशकालीन पदावर संसार चालवणं अवघड. पूर्णवेळ पदं भरावीत ही मागणी योग्य आहे आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं ती संघटनेत राहून लावून धरली पाहिजे. तोवर एकाच दारावर उभं न राहता बाकीची दारंही ठोठावा.

केंद्रीय विद्यालयांत शारीरिक आणि आरोग्य शिक्षणाच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं पद असतं. नवोदय विद्यालयांतही शारीरिक शिक्षक असतात आणि निवासी शाळा असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ मैदान तुमच्या हाती असतं. सीबीएसईत नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षण अनिवार्य आहे, शिवाय अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण हा गुणांचा ऐच्छिक विषय घेता येतो. त्यामुळे खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मागणी आहे. तिथे मुलाखतीत प्रात्यक्षिक तास घ्यायला लावतात, आणि वर सांगितलेलं गटांचं नियोजन तिथेच उपयोगी पडतं. या शाळांत रुजू होताना नेमणूकपत्र, वेतन आणि सुट्टीतल्या शिबिरांची कामं लेखी स्वरूपात मागून घ्या.

पुढे महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं असेल, तर एम.पी.एड. ५५ टक्क्यांनी पूर्ण करून नेट किंवा सेट द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत त्या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १,८०० मीटर, तर महिलांना ८ मिनिटांत १,००० मीटर. म्हणजे पुस्तकं वाचतानाही बूट बाजूला टाकून चालत नाही.

रुजू झाल्यानंतरचं पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी तुमच्या तासावर अतिक्रमण होईल. 'परीक्षा जवळ आली, तुमचा तास गणिताला द्या' असं कोणीतरी येऊन सांगेल. भांडण न करता वार्षिक नियोजन जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या सहीनं वर्गावर लावा, आणि प्रत्येक तासिकेत काय शिकवलं याची नोंद ठेवा. ज्या विषयाला नियोजन, नोंद आणि मूल्यमापन असतं, त्याचा तास काढून घेणं कठीण जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यास आणि सहशालेय उपक्रम यांतली भिंत काढायला सांगितलं आहे. आपला तास टिकवताना हा मुद्दा नम्रपणे पण ठामपणे मांडता येतो.

शालेय स्पर्धांचं कामही अंगावर येईल. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही साखळी असते. वयाचे दाखले, ऑनलाइन नोंदणी, प्रवासाची परवानगी, पालकांची संमती आणि दहावी-बारावीच्या खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव ही सगळी कामं तारखेवर चालतात. एक वही किंवा फाइल फक्त यासाठी ठेवा. तुमच्या विसरण्यामुळे एखाद्या मुलीचे सवलतीचे गुण गेले, तर ते तिच्या अकरावीच्या प्रवेशापर्यंत जाऊन लागतं.

संघ जिंकला की शाळेच्या दर्शनी भागात चषक लागतो आणि तुमचं कौतुक होतं. ते कौतुक जरूर घ्या, तुमच्या आणि मुलांच्या मेहनतीचंच ते असतं. पण चषक आणणारी मुलं कदाचित तुमच्याशिवायही मैदानावर आली असती. रांगेत मागे सरकणाऱ्या मुलाला तुमच्याखेरीज दुसरं कोणी पुढे आणणार नव्हतं. बी.पी.एड.ची पदवी, टेटचे गुण आणि नेमणूकपत्र तुम्हाला मैदानाच्या फाटकापर्यंत आणतात. त्यानंतर रोज सकाळी साठही मुलांना हलवायचा हट्ट तुमच्यात असेल, तर या क्षेत्रात नक्की या. अशा शिक्षकांची आपल्या शाळांना फार गरज आहे.